बहात्तर सालची थाळी

तीस वर्षं मी जिल्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. रक्त, पू, ओकाऱ्या, म्हाताऱ्यांची हगवण, सगळं या हातांखालून गेलं आणि दुपारी त्याच हातांनी मी माझा काळा पाव खाल्ला. कधी किळस आली नाही. घाण उकळत्या पाण्यात धुतली की जाते. मला शिसारी येते ती गोडव्याची. लाडीगोडी लावत कुणी जवळ आलं की पोटात ढवळायला लागतं. आणि म्हातारपणी नशिबाने मला नेमकं तसल्याच लोकांच्या ताब्यात दिलं.

सुरुवात घरातच झाली. डोर्टे माझी एकुलती एक मुलगी. निदान ती तसं समजते. वय पन्नास, पालिकेत कसलीशी सल्लागार. तरुणपणी गावच्या हँडबॉल संघात होती आणि अजूनही घरात शिरते ती गोल मारायला आल्यासारखीच. फेब्रुवारीत माझं खुब्याचं हाड मोडलं. मे महिन्यात लिंडेली वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली; तिथली खोली कशी रिकामी होते ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी डोर्टे रंगीत टिकल्यांची पाकिटं घेऊन दारात हजर.

"हिरवी टिकली म्हणजे तुझ्याबरोबर जाणार, पिवळी म्हणजे माझ्याकडे, लाल म्हणजे निरोप," ती म्हणाली. "आई, असं सगळं सोडून देताना किती हलकं वाटतं म्हणून सांगू!"

"तुला वाटत असेल. सामान माझं आहे."

"झाली हिची कुरकुर सुरू!"

चार दिवसांत घराला गोवर आल्यासारखं झालं. जेवणाच्या टेबलाला लाल, शिवणयंत्राला लाल, माझ्या नवऱ्याच्या, आयनरच्या खुर्चीला लाल. तांब्याच्या किटलीला आणि चांदीच्या चमच्यांना मात्र पिवळी, आणि ती लावताना बाईचा हात एकदाही अडखळला नाही. माझ्या आतल्या कपड्यांचा खण तिने जावयासमोर उघडला आणि म्हणाली, "आई, सहा पुरेत." जावई बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला. मी सत्तरी कधीच ओलांडली आहे, पण लाज काही वयाबरोबर झडत नाही.

शेवटी राहिली थाळ्यांची भिंत.

आमच्याकडे नाताळच्या निळ्या-पांढऱ्या थाळ्या नाहीत असं माझ्या वयाचं एकही घर सापडणार नाही. दरवर्षी चिनीमातीची एक नवी थाळी निघते, भिंतीवर टांगायची; तिच्यावर बर्फाचं काहीतरी चित्र आणि खाली साल. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आयनर ती घेऊन यायचा आणि खिळा ठोकायचा. "रॅग्ना, हे सोनं आहे सोनं," म्हणायचा. "म्हातारपणी विकू आणि दक्षिणेत जाऊन उन्हात बसू." आयनर होड्या बांधायचा, लाकडातलं त्याला सगळं कळायचं, चिनीमातीतलं काही नाही. शिवाय हाच शहाणपणा देशातल्या प्रत्येक नवऱ्याने केला होता. अडुसष्टला आमचं लग्न झालं, दोन हजार अठराच्या नाताळानंतर आयनर गेला. एक्कावन्न थाळ्या. आज जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या दारावरच पाटी असते, नाताळच्या थाळ्या घेतल्या जाणार नाहीत. कुत्र्याला घेऊन आत जाता येतं, थाळीला घेऊन नाही.

मला त्या थाळ्या कधीच आवडल्या नाहीत. दर शनिवारी पुसायच्या. तोच बर्फ, तेच चर्चचं टोक, तीच थंडीत कुडकुडणारी पाखरं. आमच्याकडे बाहेर बर्फ कमी पडतो म्हणून तो भिंतीवर टांगायचा! एक्कावन्नमधल्या पन्नास कुणी फ्योर्डच्या खाडीत फेकल्या असत्या तर मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

एक सोडून. बहात्तर सालची. तिच्यावर बर्फात अडकलेली होडी आहे. चित्राशी मला काही घेणंदेणं नाही.

बहात्तरच्या नोव्हेंबरात मला मुलगी झाली. मेलेलीच. त्या काळी अशी मुलं आईला दाखवत नसत. नर्सने चादरीत गुंडाळलं आणि दाराबाहेर नेलं. पुढे कळलं की अशा बाळांना त्याच आठवड्यात मेलेल्या कुणा परक्या माणसाच्या शवपेटीत, पायाशी ठेवून पुरत. कुणाच्या ते विचारायचं नसे. नोंद नाही, नाव नाही, थडगं नाही. मुलगी झाली तर तिचं नाव मारेन ठेवायचं, असं आमचं ठरलं होतं. घरी आल्यावर आयनर त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, मीही नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्याने नेहमीसारखी थाळी आणली आणि खिळा ठोकला.

तीन वर्षांनी धूळ पुसताना ती हातात उलटी झाली. थाळीच्या तळाला एक खरखरीत कडं असतं. त्या कड्यावर सुताराच्या पेन्सिलीने, फळीवर माप लिहावं तसं, बारीक लिहिलं होतं: मारेन, १९ नोव्हेंबर. मी ती परत टांगली. मला दिसलं हे मी त्याला कधी सांगितलं नाही. माझी मुलगी या जगात होती हे लिहिलेली ती एकच जागा, आणि ती बावन्न वर्षं भिंतीकडे तोंड करून होती.

लिंडेलीत भिंतीवर तीनच खिळे मिळतात. नियम आहे. मी एकच हिरवी टिकली मागून घेतली आणि बहात्तरच्या थाळीवर चिकटवली.

"ही? ही कशाला?" डोर्टे म्हणाली. "बहात्तरला काय झालं होतं?"

"होडी आहे. तुझ्या बापाने होड्या बांधल्या."

तेवढ्या एका वाक्याची गरज होती आणि मी होडी सांगितली. घोडं इथेच पेंड खातं. बावन्न वर्षं तोंड मिटून राहिलं की मग ते उघडायचं कसं तेच विसरायला होतं.

सामान हलवायच्या दिवशी जावयाने मला सकाळीच गाडीत घातलं. मागचं सगळं डोर्टे बघणार होती. लिंडेलीच्या दारातच वास आला: उकडलेले बटाटे, फिनेल, आणि दोन्हींवर पांघरूण घालायला व्हॅनिलाची मेणबत्ती. फिनेल मला चालतं. बटाटेही चालतात. ती मेणबत्ती मात्र मी पहिल्या संधीला कुंडीत पुरली. तिथली मुख्य बाई पर्निल. चाळिशीची, गालाला खळ्या, आणि बोलताना समोरच्याच्या दंडावर हात. तिच्या तोंडी "मी" नाही आणि "तुम्ही" नाही, सगळं "आपण".

"रॅग्ना, आपण आता छान कॉफी घेऊया हं?"

"आपण कोण? तुम्ही घ्या. मी बघते."

"अगं बाई, विनोदी आहोत आपण!" तिने माझा दंड दाबला. मी दंड सोडवून घेतला.

खोलीत गेले. पलंग, कपाट, एक खुर्ची. भिंतीवर तीन खिळे आणि तीन थाळ्या. डावीकडे अडुसष्ट, माझं लग्न. उजवीकडे दोन हजार तीन, नातवाचा जन्म. आणि मधे, माझ्या हिरव्या टिकलीसकट, चौऱ्याहत्तर. डोर्टेच्या जन्माचं साल.

संध्याकाळी डोर्टे फुलं घेऊन आली.

"बहात्तर कुठे आहे?"

"अगं, तू टिकली चुकून भलतीकडेच लावली होतीस. दोन घरं सरकली होती. मी नीट करून घेतलं." तिने मान कलती करून भिंतीकडे पाहिलं, खूष होऊन. "लग्न, मी आणि नातू. सगळे ठेवतात तसं."

खरंच सगळे तसंच ठेवतात. लग्नाची, मुलांची, नातवंडांची. जन्मसालाची थाळी सोडून अधलीमधली कुणी ठेवत नाही. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनेही हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"त्यांची तर मस्त सोय झाली! पर्निलला हव्या होत्या. उद्या इथे उन्हाळी जत्रा आहे ना, तिच्या फोडाफोडीच्या दुकानासाठी. चेंडू मारायचे आणि थाळ्या फोडायच्या. नाहीतरी त्या घेणार कोण?"

मी पलंगाची कड धरली. पुन्हा तेच एक वाक्य जिभेवर आलं. डोर्टे, त्यातल्या एका थाळीवर तुझ्या बहिणीचं नाव आहे. एवढं म्हटलं असतं तर ती धावत गेली असती. मुलगी वाईट नाही, नुसती वेगवान आहे. मी म्हणाले, "फुलांना पाणी घाल."

ती गेल्यावर मी वॉकर ढकलत पर्निलच्या खोलीत गेले.

"मला माझ्या थाळ्यांची पेटी हवी आहे. एक काढून घ्यायची आहे."

"ओ, आपल्याला घराची आठवण येतेय!" दंडावर हात. "आपण आता दमलोय. पेटी रखवालदाराने शेडमध्ये बंद केलीय. उद्या आपल्याला सगळ्या थाळ्या दिसतीलच की!"

"दिसतील, आणि फुटतीलही."

"धमाल येईल बघा!" ती म्हणाली. त्या रात्री मी माझा राग राग केला, तिचा कमी.

शनिवारी दुपारी बागेत झेंड्यांच्या माळा, तंबू, लाल सॉसेज, बियर. एक बहिरा म्हातारा अकॉर्डियन वाजवत होता आणि थांबत नव्हता. कर्मचाऱ्यांनी डोक्यावर कागदी टोप्या घातल्या होत्या आणि आमच्याही डोक्यावर बसवल्या होत्या. ज्यांना हात उचलता येत नाही त्यांच्याही. मी माझी काढून वॉकरच्या टोपलीत टाकली. बागेच्या टोकाला ते दुकान. फळ्यांचे तीन मजले, त्यावर ओळीने थाळ्या उभ्या, मागे जुनी सतरंजी टांगलेली, पुढे दोरी. वीस क्रोनरला तीन चेंडू. माझ्या एकटीच्याच नव्हेत, अर्ध्या गावाच्या थाळ्या होत्या. माझ्या वाटणाऱ्या सगळ्या वस्तू कुणाच्याही होत्या.

रांगेत पहिला विली. माझ्या शेजारच्या खोलीतला, एकेकाळचा पोस्टमास्तर.

"रॅग्नाबाई, या या! ती वरची ओळ माझी," तो म्हणाला. "सासूबाईंनी दर नाताळला एक दिली. त्रेचाळीस वर्षं! मला मनीऑर्डर दिली असती तर म्हातारीला दुवा दिला असता." चेंडू गेला, खळ्ळकन आवाज आला. "अहाहा! डोळ्यांचं पारणं फिटलं."

"विली, मला बहात्तरची हवी आहे. तुम्हाला इथून दिसतेय का?"

"बहात्तर? मधल्या फळीवर एक, दोन... तीन आहेत. तुमची कुठली?"

तेच तर मला माहीत नव्हतं. पुढून तिन्ही सारख्या. तीन होड्या बर्फात अडकलेल्या. मी रखवालदाराला म्हटलं, दोरी सोड, मला आत जायचंय. तो म्हणाला, "आत नाही जायचं आजी, लागेल. चेंडू घ्या की!" मी खांद्याला हात लावून दाखवला, माझा हात याच्या वर जात नाही. तो म्हणाला, "मग बसून मजा बघा."

तेवढ्यात मागून डोर्टेचा आवाज. बाही वर सारलेली, हातात तीन चेंडू.

"आई! बघ हं आता. तीस वर्षांनी मारतेय."

"डोर्टे, थांब."

"अगं, तुझी ती होडी आहे तिथे! एवढी हवी होती ना? जिंकून देते तुला!" आणि हसली. फोडायच्या दुकानात जिंकून काय मिळतं? तुकडे. पण तिचं तोंड विचाराच्या पुढे, हात तर तोंडाच्याही पुढे. पहिला चेंडू सुटला. डावीकडची बहात्तर फुटून सतरंजीवर उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पर्निल ओरडली, "वा, आपण काय मारतो!"

मी वॉकर दोरीवर घातला. दोरी खाली गेली, मी वरून गेले. मोडक्या खुब्याने कशी गेले ते मला सांगता येणार नाही. रखवालदार "आजी, आजी" करत राहिला. विलीने हातातला चेंडू खाली टाकला आणि त्याच्या वाटेत उभा राहिला. बरा माणूस आहे. पायाखाली तुकडे करकरत होते. मधल्या फळीवरची एक बहात्तर मी उचलली, उलटी केली. कडं कोरं. ठेवली. दुसरी उचलली, चष्म्याजवळ आणली. सुताराची पेन्सिल. म, मग पुढचं. १९.

"आई, बाजूला हो ना! तू बरोबर रेषेत आहेस!" डोर्टे हसत होती. सगळेच हसत होते. दुसरा चेंडू तिच्या हातात, कोपर मागे.

मी वळले. थाळी छातीशी धरली, उलटी, कडं बाहेर.

"मार," मी म्हणाले. "मार की! तुझीच बहीण आहे."

"काय?"

"मारेन नाव तिचं! बहात्तरच्या नोव्हेंबरातली. तुझ्याआधीची. मेलेली जन्मली आणि कुठे पुरली ते कुणाला माहीत नाही. तुझ्या बापाने इथे नाव लिहिलंय. टिकली चुकली नव्हती. मी काय आंधळी आहे? मार ना, नेम तर चांगला आहे तुझा!"

इतकं मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. टाळ्या थांबल्या. बहिरा म्हातारा अकॉर्डियन वाजवतच राहिला. डोर्टेच्या हातातून चेंडू गवतावर पडला. पर्निल पुढे आली, हात माझ्या दंडाकडे निघालेला, आणि म्हणाली, "आपण आता जरा—"

"आपण नाही," मी म्हणाले. "मी."

तिने हात मागे घेतला.

संध्याकाळी डोर्टे माझ्या पलंगावर बसली होती. थाळी तिच्या मांडीवर उलटी. बोट कड्यावरून फिरत होतं, पण अक्षरांना लागत नव्हतं. पेन्सिल पुसली जाईल म्हणून.

"बाबांचं अक्षर आहे," ती म्हणाली. मग, "आई, दिसायला कशी होती गं?"

"मला दाखवली नाही."

"आणि तू मागितली नाहीस?"

टोचून नाही विचारलं तिने. पोरासारखं विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं: ग्लानीत होते, त्यांनी ऐकलं नाही, त्या काळी तसंच होतं. त्या काळी तसंच होतं हे तर खरंच आहे. पण मागून मिळाली नाही अशी माझी गोष्ट नाही.

"नाही मागितली," मी म्हणाले. "नर्स परत आली. माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, 'आता आपण छान कॉफी घेऊया, म्हणजे विसरायला होईल.' ट्रे आणला होता. मी घेतली. वर केकही होता. दाराबाहेर चादरीचं गाठोडं घेऊन कुणीतरी बाई घुटमळत होती, तिची पावलं मला ऐकू येत होती. आणि मी केक खाल्ला, डोर्टे. सगळा खाल्ला. चांगला लागला."

हे मी आयनरलाही सांगितलं नव्हतं. पुढे त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी धुतल्या, त्या कशासाठी धुतल्या ते मला कुणी विचारलं नाही. लोकांना वाटतं मला पर्निलची किळस येते.

डोर्टेने गोड काही म्हटलं नाही. उठली, मधल्या खिळ्यावरची चौऱ्याहत्तर काढली आणि खुर्चीवर ठेवली. स्वतःची. मी थांबवलं नाही. बहात्तर उचलून ती होडी नीट सरळ करायला लागली.

"तशी नको," मी म्हणाले. "उलटी लाव."

"चित्र दिसणार नाही मग."

"चित्र कुणाला बघायचंय?"

उलटी थाळी खिळ्यावर बसेना, तेव्हा तिने केसांतली दोरी काढली आणि कड्याभोवती घट्ट बांधून टांगली. आता होडी भिंतीकडे आहे आणि नाव खोलीकडे. अक्षरं फार बारीक आहेत, खुर्चीतून दिसत नाहीत. वाचायचं म्हटलं की उठून चार पावलं जावं लागतं. सकाळी एकदा जाते, रात्री एकदा.